जमिनीखालचे पाणी आणि बंदीचा न्याय

जमिनीखाली केलेल्या कामाचे नुकसान उशिरा कळते, आणि कळेपर्यंत ते निस्तरण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून फ्रॅकिंगवर बंदी घालावी की नाही, हा वाद जितका तंत्राचा तितकाच नीतीचाही आहे. हानी सिद्ध होण्याआधी मनाई करणे न्याय्य आहे का? आणि सिद्ध करून दाखवायचे कोणी? खानदेशात हेच प्रश्न पाण्याच्या विहिरींवरून उभे राहिले आहेत.

फ्रॅकिंगमध्ये बहुधा एक ते तीन किलोमीटर खोलीवरच्या शेल खडकात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून भेगा पाडतात व अडकलेला वायू मोकळा करतात. पिण्याच्या पाण्याला धोका त्या खोल भेगांपेक्षा वरच जास्त असतो: विहिरीतल्या केसिंग नळीभोवतीचे सिमेंट निकामी होते, किंवा परत वर आलेले खारट, रसायनमिश्रित पाणी सांडते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ साली निष्कर्ष काढला की काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो. मात्र देशभर तो किती वेळा होतो, हे सांगण्याइतकी माहिती नाही. अशाच अपुऱ्या माहितीवर त्याआधी फ्रान्सने २०११ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये बंदीचा निर्णय घेतला होता. टेक्सासने तशाच माहितीवर काम चालू ठेवले.

दोष तंत्रात नाही, हे महाराष्ट्रातच दिसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाणी देणाऱ्या बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून बेसाल्टातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या करते. त्याला हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात, आणि त्यामुळे आटत आलेले हातपंप पुन्हा चालू लागतात. प्रश्न खोलीचा, रसायनांचा आणि मुख्यतः मालकीचा आहे.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या हद्दीत जमिनीखाली झिरपणारे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. पाण्याला मात्र बांध कळत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तापीच्या जाड गाळाखालचे पाणी एका शेतातून उपसले की शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाते. शेजारी आणखी खोल जातो, आणि ही चढाओढ प्रत्येकाच्या हक्काच्या चौकटीतच चालते. कोणी कायदा मोडत नाही आणि भूजल मात्र खचते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि आपले काम निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी उद्योजकावर टाकली. महाराष्ट्राने त्याआधीच, १९९३ च्या कायद्याने, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली होती. नव्या विहिरीने गावाची विहीर आटेलच, हे कोणाला सिद्ध करावे लागत नाही; संशयाचा फायदा तहानेला मिळतो. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आणली, तीही याच विचाराने. अंमलबजावणीची कथा वेगळी, आणि ती फारशी उत्साहवर्धक नाही.

परंपरेत या संयमाला आधार आहे का? तापी सूर्यकन्या म्हणून पुजली जाते. जुन्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेल्या सात दगडांच्या रूपाने साती आसरा या जलदेवता असतात. त्यांच्या धाकाने विहिरीत घाण टाकायला हात धजावत नाही. ही श्रद्धा उघड्या, डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याशी बांधलेली आहे. बोअरची गाडी येते तेव्हाही नारळ फुटतो, पण तो पाणी लागावे म्हणून. किती उपसावे, यावर त्या पूजेचे काही म्हणणे नसते. म्हणूनच केवळ पावित्र्याच्या आधारावरचे बंदीचे समर्थन लंगडे पडते.

जास्त भक्कम आधार धुळे जिल्ह्यातल्या पांझरा खोऱ्याच्या फड पद्धतीत सापडतो. बंधाऱ्याखालची जमीन सहसा चार फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवायचे पंच ठरवत. बऱ्याच शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असल्याने कोरड्या फडाची झळ एकट्यादुकट्याला बसत नसे. या मनाईमागे देवाचे भय नव्हते. झळ वाटून घेतल्यामुळे ती न्याय्य ठरत होती.

बंदीविरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा नेमका इथे, झळ कोणी सोसायची या प्रश्नावर, येतो. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र दगडी कोळसा जाळते आणि तापीवरच्या हतनूर धरणाचे पाणी घेते. अमेरिकेत शेल वायूने कोळशाची जागा घेतली आणि वीजनिर्मितीतले कार्बन उत्सर्जन घटले. वायू नाकारताना कोळसा चालू राहिला, तर राखेचा आणि धुराचा त्रास दुसऱ्याच कोणाच्या तरी वाट्याला जातो. खोल बोअरच्या बंधनाचेही तसेच आहे. ज्याने ऐपत असताना आधीच खोल बोअर मारली त्याची बाग उभी राहते; उशिरा आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कायदा दारातच अडवतो. चारही फडांत तुकडा असलेल्या शेतकऱ्याला जी भरपाई आपोआप मिळत असे, ती या कायद्यातून मिळत नाही. खोल बोअर असलेल्याच्या उपशावर मर्यादा घातल्याशिवाय नव्या बोअरवरची मनाई त्याच्याच बागेची राखण करते.