हशाची कैफियत

नाट्यप्रयोगाच्या यशापयशाचा निवाडा करताना रंगमंचाकडे जितके पाहावे तितकेच प्रेक्षागृहाकडेही पाहावे, ही जाण आपल्याकडे अतिशय पुरातन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय सिद्धींच्या विवेचनास वाहिलेला असून त्यात प्रेक्षकांच्या प्रतिसादांची जी मोजदाद केलेली आहे, ती एखाद्या दक्ष कारकुनाने दफ्तरी नोंदवावी इतकी तपशीलवार आहे. स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, 'साधु', 'अहो' आणि 'कष्टम्' असे उद्गार, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, नटाच्या दिशेने वस्त्रे आणि अंगठ्या टाकणे, ही सारी मानुषी सिद्धीची लक्षणे. आणि जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, परंतु रंगमंडप मात्र परिपूर्ण भरलेला आहे, ती दैविकी सिद्धी. या यादीत अतिहास्यही आहे आणि 'कष्टम्'ही आहे. परंतु एकाच प्रेक्षकाच्या मुखातून, एकाच श्वासात, ही दोन्ही बाहेर पडली तर त्या प्रतिसादाची नोंद कोणत्या सदरी करावी, याचा खुलासा तेथे सापडत नाही. पुढील आलंकारिकांनी तर हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस ठरवून हा प्रश्न जवळजवळ निकालात काढला. तो पुन्हा रुजू झाला तो आधुनिक काळात, ज्याला आपण काळा विनोद म्हणतो त्याच्यामुळे. आणि त्याचे सर्वांत अवघड रूप एकट्या नटाच्या प्रयोगात पाहावयास मिळते.

हे रूप अवघड का, याचे कारण एकपात्री प्रयोगाच्या रचनेतच आहे. अनेक पात्रांच्या नाटकात माणसे एकमेकांशी बोलत असतात आणि आपण ते चोरून ऐकत असतो. आपला हशा त्यांच्या कानी पडत नाही, अशी एक सोयीची समजूत दोन्ही पक्षांनी मान्य केलेली असते. एकटा उभा राहिलेला माणूस मात्र आपल्याशीच बोलतो, आणि त्यामुळे प्रेक्षागृह हे त्या नाटकातील दुसरे पात्र होऊन बसते, ज्याला संवाद म्हणून केवळ हसणे, न हसणे, खोकणे आणि उठून जाणे एवढ्याच गोष्टींची मुभा आहे. साहजिकच अशा प्रयोगातील हशा हा रसास्वादाचा निव्वळ उपपरिणाम राहत नाही. ते एक उत्तर असते, आणि दिलेल्या उत्तराची जबाबदारी उत्तर देणाऱ्यावर येते.

या दृष्टीने आंतोन चेखोव्हच्या 'तंबाखूचे दुष्परिणाम' या छोट्या एकपात्रीकडे पुनःपुन्हा वळावेसे वाटते. तिचा पहिला खर्डा 1886 सालचा. नंतर चेखोव्ह तिच्यावर अधूनमधून हात फिरवीत राहिला आणि 1902 साली, आयुष्याची अखेरची दोन वर्षे उरली असताना, त्याने ती इतकी आमूलाग्र पालटली की मूळच्या फार्सातून एक वेगळेच नाटक निर्माण झाले. एका प्रांतिक क्लबात इव्हान इव्हानोविच न्यूखिन नावाचा गृहस्थ व्याख्यान देण्यास उभा राहतो. तो स्वतः धूम्रपान करतो; परंतु पत्नीचे फर्मान आहे की तंबाखूच्या दुष्परिणामांवर बोलावे, म्हणून तो बोलतो. पत्नी संगीतशाळा आणि मुलींचे वसतिगृह चालवते, आणि तेथे ढेकूण मारण्यापासून उंदीर पकडण्यापर्यंत आणि पत्नीच्या कुत्र्याला फिरवून आणण्यापर्यंत सारी कामे या गृहस्थाकडे आहेत. तंबाखूचा विषय दोनचार वाक्यांतच मागे पडतो आणि तो धिरड्यांविषयी सांगू लागतो. मुलींसाठी धिरडी केली, काही मुली आजारी असल्यामुळे काही उरली, ती तळघरात ठेवण्याचा हुकूम झाला, मग हुकूम फिरला आणि पत्नी त्याला म्हणाली की, बुजगावण्या, तूच खाऊन टाक. येथे प्रेक्षागृहात हमखास हशा पिकतो, आणि तो पिकावा अशीच लेखकाची तजवीज आहे.

परंतु न्यूखिन थांबत नाही. तेहतीस वर्षांच्या संसाराची गोष्ट सांगता सांगता त्याला कुठेतरी पळून जावेसे वाटू लागते, इतके दूर की एखाद्या शेतात झाड होऊन, खांब होऊन, बुजगावणे होऊन उभे राहावे आणि सारे विसरून जावे. जो शब्द पत्नीच्या तोंडी शिवी होता आणि ज्यावर आपण मघाशी हसलो, तोच शब्द आता त्याच्या मुक्तीच्या स्वप्नात येऊन बसतो. लग्नात घातलेला जुना कोट तो अंगातून ओढून काढतो आणि पायांखाली तुडवतो. खालच्या जाकिटाची पाठ विरलेली दिसते. इतक्यात पत्नी विंगेत येऊन उभी असल्याचे त्याच्या ध्यानात येते. तो घाईघाईने कोट चढवतो आणि श्रोत्यांना विनवतो की, तिने विचारलेच तर कृपा करून सांगा की व्याख्यान झाले आणि या बुजगावण्याने आपला आब राखला. मग उंच आवाजात तंबाखूचा निषेध, आणि निर्गमन.

ही विनंती नीट तपासून पाहिली पाहिजे. तो आपल्याकडे अश्रू मागत नाही, न्यायही मागत नाही; तो खोटी साक्ष मागतो. ज्यांनी त्याच्या धिरड्यांवर हसून घेतले, त्यांनीच आता त्याची अब्रू सावरावी, एवढीच त्याची अपेक्षा. आणि लेखकाचे कौशल्य असे की आपला होकार की नकार हे ऐकण्यास तो मंचावर उरत नाही. प्रेक्षागृह हे दुसरे पात्र आहे असे वर म्हटले, त्या पात्राच्या वाट्याला आलेले एकमेव महत्त्वाचे वाक्य अशा रीतीने नाटक संपल्यानंतरचे आहे.

आणि नेमक्या या ठिकाणी आपण काय बोलतो? 'हसवता हसवता रडवले' असे बोलतो. हे वाक्य आपल्या नाट्यसमीक्षेत आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्याभोवती इतके रुळले आहे की ते ऐकून कोणाला काही विचारावेसे वाटत नाही. परंतु त्या वाक्यात हसवणारा नट, रडवणाराही नट. प्रेक्षकाने स्वतः होऊन काही केले आहे असा सुगावाही त्यात लागत नाही. हशाची रक्कम नटाच्या नावे मांडायची, अश्रूंचीही त्याच्याच नावे मांडायची, आणि आपण खाते बिनबाकी करून घरी जायचे, असा हा व्यवहार आहे. वास्तविक धिरड्यांच्या प्रसंगी हसण्याची सक्ती कोणी केली नव्हती. एका माणसाला घरात उरलेसुरले खाऊ घातले जाते ही वस्तुस्थिती हसण्यापूर्वीच आपल्यापुढे ठेवलेली होती, आणि ती पाहूनच आपण हसलो.

यावर एक आक्षेप संभवतो. लेखकाने आधी हसवावे, मग हसल्याबद्दल लाजवावे, हा प्रेक्षकाला लावलेला सापळा नव्हे काय? अलीकडच्या काही गाजलेल्या प्रयोगांपुरता हा आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. फीबी वॉलर-ब्रिज यांनी 2013 साली एडिंबरा येथे 'फ्लीबॅग' सादर केले. त्यात एका खुर्चीवर बसलेली तरुणी आपल्या कामजीवनाचे किस्से इतक्या बेधडकपणे सांगते की प्रेक्षक तिच्या बाजूचाच होऊन जातो; मैत्रिणीच्या मृत्यूशी तिचा स्वतःचा काय संबंध होता, हे कळते ते फार उशिरा. टास्मानियात वाढलेल्या हॅना गॅड्स्बी यांच्या 'नॅनेट'मध्ये बसथांब्यावर अंगावर धावून आलेल्या एका पुरुषाची गंमत आरंभी येते आणि शेवटी उघड होते की त्या गमतीतला पुढचा भाग, म्हणजे त्याने परत येऊन केलेली मारहाण, हशासाठी छाटून टाकलेला होता. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला आपली कैफियत मांडता येते की, मला ठाऊक नव्हते. ती खरीही असते. म्हणून अशा प्रयोगाचा आघात कितीही तीव्र असला तरी त्यात प्रेक्षकासाठी एक दार उघडे राहते. चेखोव्हच्या नाटकात ते दार नाही. तेथे काहीही दडवलेले नाही. म्हणूनच उघड करुणावर उमटलेला हशा हा दडवलेल्या करुणावर उमटलेल्या हशापेक्षा अधिक आपला असतो, आणि ज्या नाटकात कोणतेही रहस्य नाही ते या बाबतीत अधिक कठोर असते.

मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट थोडी अधिक जड जाते, याचे कारण त्याची वहिवाट. पु. ल. देशपांडे यांनी 1961 पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासाहून अधिक पात्रे एका देहात वागवली, आणि त्या आनंदाच्या सवयीने एकपात्री म्हणजे हशांची बरसात असे समीकरण आपल्या मनात कायम झाले. वस्तुतः चाळीच्या पुस्तकाच्या अखेरीस येणारे चिंतन वाचले की त्या विनोदाखाली विघटनाची केवढी जाणीव वाहत होती ते कळते; पण लोकांच्या तोंडी राहिले ते किस्से. त्याही आधी कीर्तनाने आणि नाथांच्या भारुडाने आपल्याला एकट्या बोलत्या माणसापुढे हसत हसत स्वतःचीच फजिती ऐकण्याचे शिक्षण दिले होते. मात्र तेथे हसण्यानंतर नामगजर असे. समुदायाने एकत्र उच्चारण्याचे एक उत्तर तयार असे. न्यूखिनपुढे बसलेल्या समुदायाजवळ असे कोणतेही तयार उत्तर नाही.

मग अशा प्रयोगास हसूच नये काय? असा निष्कर्ष काढणारा सज्जन प्रेक्षक मला हसणाऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो. आरंभापासून गंभीर चेहऱ्याने बसलेले आणि प्रत्येक धिरड्यागणिक कळवळणारे प्रेक्षागृह न्यूखिनला रुग्ण ठरवून मोकळे होते. त्याचा विनोद, जो त्याच्याजवळ उरलेला एकमेव आब आहे, तोच ते नाकारते. तो विक्षिप्त आहे, विसराळू आहे, बोलता बोलता स्वतःच्या मुलींची संख्याही चुकवतो, आणि हे हास्यास्पद आहेच. ते न पाहणे ही करुणा नव्हे, ती उपेक्षाच आहे. हसणारा निदान त्याचे बोलणे ऐकत तरी असतो.

तेव्हा प्रश्न हसण्याचा नसून हसल्यानंतरच्या वर्तनाचा आहे. हसलो म्हणून शरमेने मान खाली घालणे आणि डोळे ओले झाले म्हणून स्वतःची पाठ थोपटणे, या दोन्ही फारखती सारख्याच स्वस्त आहेत. प्रयोगात किती हशे पडले याची गणना करण्याऐवजी कोणता हशा कोठे आटला, कोण शेवटपर्यंत हसत राहिला आणि कोण पहिल्यापासूनच हसला नाही, याची टिपणे समीक्षकाने ठेवली तर त्यांतून नटाविषयी जितके कळेल त्याहून अधिक त्या गावाविषयी कळेल. प्रेक्षकाने तर आणखी एक गोष्ट करावी. न्यूखिनने मागितलेली साक्ष आपण दिली असती की नाही, आणि दिली असती तर त्याच्या अब्रूसाठी की आपल्या हशाची भरपाई म्हणून, हे एकदा ठरवून टाकावे. नाटककाराने त्याच्यासाठी मोकळी सोडलेली जागा तेवढीच आहे, आणि ती दुसऱ्या कोणाला भरता येत नाही.