खाऱ्या पाण्याच्या टाकीतली अहिंसा

सागरी माशाच्या अंगावर परजीवीमुळे पांढरे ठिपके उठले, की जुना उपाय तांब्याचा. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे परजीवीला मारते आणि मासा बहुधा वाचतो. त्याच पाण्यातली कोळंबी, गोगलगाय, समुद्रतारा आणि प्रवाळ मात्र दगावतात. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच असावे, हे विचित्रच! माशाला वेगळ्या टाकीत हलवून औषध देता येते. ती सोय नसेल तेव्हा कोणाला वाचवायचे हा प्रश्न उरतो.

जैन परंपरा जीवांची प्रतवारी इंद्रियांवरून करते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार कृमी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, भुंगा चतुरिंद्रिय. मासा पंचेंद्रियांत मोडतो. इंद्रिये जास्त तितकी हिंसा गंभीर, या हिशेबाने माशाचे पारडे जड ठरते. पण अशा पायऱ्या पक्क्या नसतात. जैनांचेच उत्तराध्ययनसूत्र प्रवाळाला धातू-दगडांसोबत पृथ्वीकाय, म्हणजे पृथ्वी हेच शरीर असलेल्या, जीवांत बसवते. आज तो प्राणी मानला जातो. ब्रिटनच्या २०२२च्या कायद्याने तर खेकडा, कोळंबी आणि ऑक्टोपस यांनाही संवेदनशील जीवांत घेतले.

टाकी सांभाळणाऱ्याला प्रतवारीपेक्षा त्याच तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या अधिक उपयोगी आहे: प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, प्राण घेणे. अपृष्ठवंशी जीव मारायच्या इराद्याने क्वचितच मारले जातात. पाणी उडते, मीठ मागे राहते, क्षारता चढते. समुद्रताऱ्याला अंगातल्या द्रवाची क्षारता स्वतः सांभाळता येत नाही, त्यामुळे अचानक बदल त्याला सोसत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, शुद्ध पाण्याने आणि थोडीथोडी करायची. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, अमोनिया शून्य. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावेपर्यंत जीव सोडायचे नाहीत. मालकाला घाई असते, पण जिवाणूंना आठवडे लागतात. जैन घरांत पाणी गाळल्यावर गाळणीवरचे जीव मूळ जलाशयात परत सोडण्याची रीत आहे. मोजमापाच्या या कंटाळवाण्या कामाचे तिच्याशी जवळचे नाते आहे.

तरी निर्मळ पाण्याने सगळा दोष धुतला जात नाही. अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रतपालनातले दोष, तत्त्वार्थसूत्र सांगते, त्यांत ‘बंध’, म्हणजे जिवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे, पहिलाच आहे. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे घेतल्याने समुद्रातली तोड टळते आणि दोष हलका होतो. भारतात तर खडक रचणारे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ते समुद्रातून काढणे हा गुन्हाच. टाकीत वाढलेल्या प्रवाळाच्या बाबतीतही कोंडणे हा दोष तेवढा राहतोच.