कार्यकर्ता, बायको आणि कॅरम

मागच्या महिन्यात आपल्यातलाच एक पोरगा घरी आला. चांगला पोरगा. वस्तीत अभ्यासिका चालवतो, अट्रॉसिटीच्या केसपायी पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवतो. दुपारचे तीन वाजलेले. दार उघडंच. आत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी कॅरम खेळत बसलेलो. हिनं राणी घेतलेली, कव्हरची सोंगटी काठाला चिकटलेली, आणि ही एक डोळा बारीक करून नेम धरत होती. पोरगा उंबऱ्यातूनच हसला. म्हणाला, "जयभीम काका. चळवळीतून रिटायर झालात म्हणा की!"

थट्टाच होती. पण मला ती लागली. त्याचा राग नाही आला. लागली अशासाठी की हेच वाक्य, जरा वेगळ्या शब्दांत, मी एकदा हिच्या तोंडावर फेकलं होतं. साल १९७८.

तेव्हा आम्ही बीडीडी चाळीत राहत होतो. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात सहा माणसं, संडास कॉमन, व्हरांड्याच्या टोकाला. मी गिरणीत. बाप गिरणीत होता तो स्पिनिंगला, कारण विणकामात तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आमचं उष्टं बाकीच्यांना चालत नव्हतं. माझ्या वेळेला हे उघड बोलत नसत, एवढाच फरक. मी पाळी संपली की पँथरच्या मीटिंगा, पोस्टरं, स्टेन्सिल कापणं, रोनिओची शाई नखात घेऊन रात्री बाराला घरी. रविवार तर आमचा हक्काचा दिवस. चळवळीचा. तो हिचा पण असेल, असं कधी डोक्यातच आलं नाही.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. आम्ही इकडे मोर्चे काढत होतो, कपडे-धान्य गोळा करत होतो. अशाच एका रात्री घरी आलो तर खोलीत कॅरमबोर्ड. जुना, कुणाचा तरी विकत घेतलेला, एका कोपऱ्याची जाळी फाटलेली. हिनं भिशीच्या पैशातून आणलेला. शेजारची आक्का आणि ही जमिनीवर बसून खेळत होत्या. हसत होत्या. हिचं हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, हे मला आज आठवतं. त्या दिवशी मात्र डोक्यात सणक गेली. म्हणालो, "तिकडं आपली घरं जळतायत आणि तुला खेळ सुचतात? लाज आहे का?"

आक्का उठून गेली. हिनं सोंगट्या डब्यात भरल्या. बोर्ड कपाटामागं सरकवला. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

मित्रांनो, मला आज ह्या प्रश्नाची नीट फोड करायचीय. मी चुकलो होतो एवढं म्हणून सुटका नाही. माझं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. आपल्या माणसाला जिवे मारलंय, पोरं-बाया उघड्यावर आहेत, अशा वेळी आपल्याला घास गोड लागणं बरोबर आहे का? हा प्रश्न ज्याला पडत नाही तो कार्यकर्ता नाही. तो माणूस तरी आहे का, शंका आहे. दुःख वाटून घ्यायला नको असलेले खूप लोक मी बघितलेत. क्वार्टर मिळाली की वस्तीचा पत्ता विसरणारे. तेव्हा तुमच्या-माझ्या मनातली ती टोचणी मी खोटी ठरवणार नाही.

पण ती टोचणी कुणाच्या हातातली काठी बनते, ते बघा.

आपल्या सुखाचा गुन्हा कुणी ठरवला? मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला काय दिलं? प्रेतावरची वस्त्रं, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने. म्हणजे नुसतं राबवून त्यांचं पोट भरत नव्हतं. आपण नटता कामा नये, याचीही तजवीज केली. 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी जे दाखले दिलेत ते पुन्हा एकदा काढून वाचा. इंदूर संस्थानात बलाई लोकांना १९२८ च्या सुमारास फर्मान काढलं: जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही. जयपूर संस्थानातल्या चकवाड्यात १९३६ साली आपल्यासारख्याच एकानं तीर्थाहून आल्यावर जातभाईंना जेवण घातलं. पानात तूप वाढलं. तूप! तेवढ्यावर शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना बडवलं. त्या माणसांनी कुणाचं तळं बाटवलं नव्हतं, कुणाच्या देवळात पाय ठेवला नव्हता. ती फक्त तुपाशी जेवत होती.

आजही नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात. पेपरात येतंच.

मग १९७८ च्या त्या रात्री माझ्या तोंडून कोण बोलत होतं? मी समजत होतो विद्रोह बोलतोय. पण बायको हसली म्हणून ज्याला राग येतो, त्याच्या हातातली लाठी चकवाड्याहूनच आलेली नसेल कशावरून?

इथं कुणी म्हणेल, काका, तूप वाढणं ही बंडखोरी होती, कॅरम ही काय बंडखोरी? बरोबर. मी बरीच वर्षं ह्याच जागी अडकलो होतो. आम्हाला सुख घ्यायचं तर ते कुणाच्या तरी नाकावर टिच्चून घ्यायचं, हीच सवय. मिरवणूक असेल तर सुख. डीजे असेल तर सुख. चार जणांना दिसलं, कुणाला तरी झोंबलं, तर सुख. आणि कुणाला न दिसणारं, कुणाला न झोंबणारं, दोन माणसांनी दुपारी तीन वाजता लाकडी फळीवर सोंगट्या सरकवायचं सुख? ते मात्र मध्यमवर्गीय, बामणी, पळपुटं. अरे, मग आपलं सगळं जगणंच त्यांना उत्तर देण्यात जायचं का? मेलो तरी उत्तरच देत राहायचं? ज्या घटकेला मी त्यांचा विचारच करत नाही, ती एक घटका तरी माझी स्वतःची आहे की नाही?

आता वेळेचं बोलू. कारण सुखाचा प्रश्न शेवटी वेळेचाच.

गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कुणी दयेनं दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे भांडले, तेव्हा १० जून १८९० ला मालकांनी ती कबूल केली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. आणि यंत्राला शिव्या घालणाऱ्या गांधीवादाला उत्तर देताना, १९४५ च्या पुस्तकात, त्यांनी फुरसतीची बाजू मांडली. माणसाला फुरसत नसेल तर तो जनावरासारखाच राबत मरणार, संस्कृती फुरसतीतून येते आणि यंत्र ती फुरसत देऊ शकतं, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे रिकामा वेळ हा आपल्या बापानं आपल्यासाठी भांडून मागितलेला हक्क आहे. चैन नव्हे.

ठीक. पण हा हक्क घरात आला कुणाच्या वाट्याला? माझ्या. मला आठ तासांची पाळी. हिची पाळी चारला नळावर सुरू व्हायची. नंतर शाळेत आयाचं काम. परत येऊन सहा जणांचा सैपाक. वर माझ्या मीटिंगच्या दहा-बारा पोरांचा चहा. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार चाळीत येईपर्यंत माझ्यापाशीच थांबत होता.

हे मला कुठल्या ग्रंथानं शिकवलं नाही. संपानं शिकवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद पडल्या. अडीच लाख कामगार रस्त्यावर. पहिले सहा महिने मी गेट मीटिंगा केल्या. मग उसनं मिळायचं बंद झालं. हिच्या पगारावर चूल पेटायची. मी दिवसभर घरी. एका पहाटे हिला ताप होता म्हणून हंडा घेऊन मी नळावर गेलो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मागून एकजण म्हणाला, "पँथर पाणी भरतोय रे!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीटिंगमध्ये स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारा मी, आणि एका हंड्यानं मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशीपण गेलो. मग रोजच गेलो. भाकरी थापायला शिकलो. अजून कडा फाटतात. भांडी, पोरांचा अभ्यास, रेशनची लाईन. हिच्या अंगावरचं थोडं उतरलं तशी संध्याकाळी ही जरा टेकायला लागली. दारात स्टूल टाकून बसायची, रेडिओवर 'आपली आवड' लावायची. एके दिवशी मी कपाटामागून बोर्ड काढला. पाच वर्षांची धूळ. पुसला, फाटकी जाळी दोऱ्यानं शिवली, मधोमध ठेवला आणि बसलो.

हिनं बघितलं. म्हणाली, "का वो? मराठवाडा इझला व्हय?"

पाच वर्षं हे वाक्य तिनं सांभाळून ठेवलं होतं. मी काय बोलणार? त्या दिवशी ती खेळली नाही. आठवडाभर खेळली नाही. मी एकटाच इकडून मारायचो, तिकडून मारायचो. मग एकदा सहज बसली आणि माझा फडशा पाडला. तेव्हा कळलं, हिचा हात पक्का आहे. लग्नाआधी माहेरी भावांबरोबर खेळायची. दहा वर्षं संसार केला, दोन पोरं झाली, आणि मला ठाऊक नव्हतं.

काही जण ह्यावर बाबासाहेबांचा दाखला देतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी संसाराकडं बघितलं का? रमाईंनी कधी तक्रार केली का? हा दाखला मी स्वतः हिला दिलाय, म्हणून त्याच्यातली लबाडी मला चांगली माहीत आहे. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांच्या आठवणीला अर्पण केला. ती अर्पणपत्रिका वाचा. त्यात ऐट नाही. आपल्याबरोबर, कुणी मित्र नसलेल्या, हालाखीच्या दिवसांत त्यांनी जे सोसलं त्याची कृतज्ञता आहे. कर्ज मान्य करणाऱ्या माणसाची ती भाषा. त्यांना सवड नव्हती, सात कोटींचं ओझं होतं, आणि तरी त्याची सल त्यांनी लिहून ठेवली. आपण काय करतो? त्यांची मजबुरी उचलतो आणि आपला आळस तिच्याखाली झाकतो. शिवाय हाच माणूस पुढं व्हायोलिन शिकला, कुत्री पाळली, हौसेनं रांधून माणसांना वाढलं. ते आपल्या भाषणात कधी येत नाही. आपल्याला कोट घातलेला, बोट दाखवणारा बाप तेवढा पाहिजे.

बुद्धाकडे गेलो तरी तेच. सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्यं सांगितलीत: बायकोला मान द्यावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. आणि पाचवं, तिला दागिना द्यावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकलो. घर सोडून गेलेला माणूस, आणि गृहस्थाला सांगतोय की तिच्या हौसेचं बघ. ह्या पाचांपैकी त्या रात्री मी किती मोडली, मोजून बघा.

दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर तुम्ही माझा लेख खिशात घालून मॉलमध्ये जाल. हप्त्यावर गाडी, हप्त्यावर टीव्ही, आणि त्या हप्त्यापायी साहेबापुढं मान खाली. असली सुखं मी सुखात धरत नाही. तिथं तुम्हीच गहाण पडलेले असता. मग रेघ कुठं मारायची? सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचं सांगितलं. फार ताणली तरी वाजत नाही, ढिली सोडली तरी वाजत नाही. पण ती तार नेमकी किती पिळायची ते ज्याचं त्यानं बघायचं.

हिची रीत सोपी आहे. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. बातमी कळली तेव्हा बोर्ड मांडलेला होता. मी सुन्न बसून राहिलो. ही उठली, चप्पल घातली, म्हणाली, "सोंगट्या राहू द्या तशाच. चला." पुढचे कित्येक दिवस आम्ही तिकडेच येऊन-जाऊन होतो. त्या सोंगट्या कुणी उचलल्या ते मला आठवत नाही. डाव कुणाचा होता तो पुन्हा कधी निघाला नाही.

तर तो पोरगा. त्याला हिनं आत बोलावलं, समोर बसवलं. दोन डाव हरला. चहा घेताना हिनं विचारलं, "बाळा, तुझी बायको काय खेळते रं?"

"काही नाही काकी. तिला कुठं वेळ असतो?"

"आन लग्नाआधी?"

पोरगा बशीकडं बघत राहिला. मग म्हणाला, विचारून सांगतो.

परवा त्याचा फोन आला. रविवारी येतो म्हणाला, दोघं येतो. बोरिक पावडर संपलीय, ती आणायला मी खाली उतरलोय. परत येईस्तोवर हिनं भात टाकलेला असेल. आजची भांडी माझी आहेत.