समदुःखी सोबती व त्याचें गुपित

आजाऱ्यास धीर कोणीं द्यावा? डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, आप्त आहेत. मग ज्याला तोच रोग आहे अशा मनुष्याची गरज ती काय, असें पुष्कळांस वाटतें. एचआयव्हीच्या बाबतींत तरी या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे.

हा संसर्ग सोबत बसल्यानें, जेवल्यानें किंवा हात धरल्यानें होत नाहीं. 2004 सालापासून सरकारी रुग्णालयांत यावरील औषध फुकट मिळूं लागलें. तें रोज नियमानें घेणारीं माणसें दीर्घकाळ जगतात. मात्र तें जन्मभर घ्यावें लागतें. डॉक्टर हें सांगतो तेव्हां नवा रोगी ऐकून घेतो; पण शेजारी बसलेली बाई, "मी दहा वर्षें ह्याच गोळ्या घेत आहें," असें म्हणते, तेव्हां त्याच्या जिवांत जीव येतो. म्हणूनच अशा उपचारकेंद्रांतून स्वतः संसर्ग असलेल्या माणसांस कामावर नेमितात.

परंतु हा धीर फुकट मिळत नाहीं. गोव्यांत डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्यास, संसर्ग आढळला म्हणून, 1989 सालीं 64 दिवस डांबून ठेविलें होतें. पुढें त्यानें आपलें नांव न लपवितां समदुःखी लोकांसाठीं संस्था उभारिली. 1992 सालीं तो वारला. त्याचें धैर्य थोर खरें; पण तें सर्वांपासून मागण्याचा अधिकार आपणांस आहे काय? अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरील एखाद्या विधवेनें रुग्णालयांत दुसरीस धीर देण्यासाठीं आपलें गुपित सांगितलें, आणि तें गांवांत फुटलें, तर तिच्या पाटींतील मासळी कोण घेईल? तिच्या मुलीची सोयरीक कशी जुळेल?

कोणी म्हणेल, सत्य लपविणें हा दोष नव्हे काय? पतिपत्नींनीं एकमेकांपासून हें लपवूं नये, कारण तेथें दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण शेजाऱ्यापुढें मौन धरणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. न्यायालयाच्या हुकुमाखेरीज कोणावरही हें उघड करण्याची सक्ति करितां येत नाहीं, असें 2017 च्या कायद्यानेंही ठरविलें आहे.

तेव्हां, वाचकहो, आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या आपण सर्वांनीं हें ध्यानांत ठेवावें. समदुःखी मनुष्य जें देतो तें आपणांस देतां येणार नाहीं. पण त्याला तें निर्भयपणें देतां यावें, इतकें आपल्या हातीं आहे. रोग कोणता, असें विचारूं नये. कानीं आलेलें दुसऱ्यास सांगूं नये. आणि ज्या बाईविषयीं गांव कुजबुजतो, तिच्याच पाटींतील मासळी उद्यां सकाळीं चारचौघांसमक्ष विकत घ्यावी.