खुणा

पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊंचं धड सापडलं, ते शिरावेगळं. अंगावरच्या खुणा पाहून ओळख पटवली गेली, असं शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं लिहून ठेवलं आहे. मेलेल्या माणसाला तेवढ्या खुणा पुरल्या. तोच माणूस जिवंत परत येता, तर किती पुरल्या असत्या?

१४ जानेवारी १७६१ नंतर कित्येक घरांत माणूसही आलं नाही आणि त्याची राखही आली नाही. अशा घराचं दार पुरतं बंद होत नाही. त्याच दारातून पुढे सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत आत शिरला. थोरल्या माधवरावांनी त्याला कैदेत टाकलं. ते वारल्यानंतर, १७७६ मध्ये, तो रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणात त्याच्यामागे फौज उभी राहिली. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहांत शासन झालं.

तो तोतयाच होता. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे: त्याच्या जागी खरे भाऊ आले असते तर? गादीवर तेव्हा दोन वर्षांचं मूल होतं, राघोबादादा त्या गादीवर डोळा ठेवून होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. नाना स्वतः पानिपताहून जीव वाचवून आलेले. त्यांच्याकडे कुणी ओळख मागितली नव्हती. ते वेळेत परतले होते, आणि त्यांच्या येण्यानं कुणाला उठावं लागणार नव्हतं.

पंधरा वर्षांत चेहरा कुणाचाही बदलतो, पण संशयाचं मूळ चेहऱ्यात नसतं. विश्वासाचंही नसतं. तोतयामागे गेलेल्या कोकणातल्या किती जणांनी भाऊंना कधी पाहिलं होतं? त्यांना पानिपत पुसून टाकायचं होतं. पुण्याला पानिपतानंतर बसवलेली घडी मोडू द्यायची नव्हती. समोर उभ्या माणसाकडे धड कुणीच पाहत नव्हतं.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परतल्या होत्या. १७८३ मध्ये वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य पत्करलं नाही. पुराव्यांचा, पंचांचा आणि फौजांचा एवढा गदारोळ झाला. भाऊ असल्याची एकच खूण तेवढी बावीस वर्षं टिकली, ती त्यांच्या कपाळावर.