इवल्या जिवाच्या वतीने

दिवस भरण्याच्या कितीतरी आधी, बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ ओंजळीत मावेल एवढेच असते. त्याची फुप्फुसे श्वासाला तयार नसतात. त्याला वाचविण्यासाठी पुरते न पारखलेले साधन वापरावे काय? आणि त्याच्या वतीने ‘हो’ कोणी म्हणावे?

२०१७ साली फिलाडेल्फियाच्या बाल-रुग्णालयातील संशोधकांनी अपुऱ्या दिवसांची कोकरे द्रवाने भरलेल्या कृत्रिम गर्भाशयात चार आठवड्यांपर्यंत जगविली. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने मानवी बाळांवरील चाचणीचा विचार केला.

‘नको ते प्रयोग!’ असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९४० नंतरच्या दशकात अशा बाळांना करुणेपोटी मुबलक प्राणवायू दिला जाई. त्यापायी जगभरातील सुमारे १०,००० बालकांची दृष्टी गेली. १९५३-५४ साली अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, तेव्हा कारण उमगले. पुढे प्राणवायू फारच आखडता घेतला गेला, तर मृत्यू वाढले. न पारखलेली करुणा हाही एक प्रयोगच असतो; फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

तेव्हा चाचणी निषिद्ध नव्हे. परंतु ती बाळासाठी असावी, बाळ चाचणीसाठी नसावे. गर्भस्थ जिवाविषयी ख्रिस्तसभेने १९८७ च्या ‘दोनुम वीते’ ह्या सूचनापत्रात हाच विवेक सांगितला आहे: अन्य भरवशाचा उपाय नसेल, तर त्या जिवाच्याच हितासाठी, अखेरचा प्रयत्न म्हणून, पूर्णपणे सिद्ध न झालेला उपचारही करता येतो. ज्या बाळाला नेहमीच्या उपचारांनी जगण्याची चांगली आशा आहे, त्याला त्यातून काढून नव्या यंत्रात ठेवणे मात्र जुगार ठरेल.

शिवाय ह्या यंत्रासाठी मातेवर शस्त्रक्रिया करून बाळाची नाळ तातडीने जोडावी लागते. म्हणजे निर्णय जन्मापूर्वीच, भयाच्या छायेत घ्यायचा. अशा घडीला आईबाप कशावरही सही करतील. त्या सहीला आम्ही संमती म्हणणार नाही. धोके, पुढे संभवणारे अपंगत्व, नकाराचा अधिकार, हे सारे त्यांच्या भाषेत, धीराने सांगितले गेले पाहिजे.

आणि आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरावर असा प्रसंग आलाच, तर आपण न्यायाधीश होऊ नये. बाळाला यंत्राच्या हवाली करणारी आई निष्ठुर नसते. ‘आता नको’ म्हणून त्याला अखेरच्या श्वासापर्यंत उराशी धरणारीही नसते.