गोधडीतलं जपान

अकोल्याचा उन्हाळा पेपरात पहिल्या पानावर येतो. हिवाळा मात्र आमचा आम्हालाच ठाऊक. दिवाळी आटोपली की मोर्णा नदीकडून गारवा सरकत येतो, तुळशीच्या लग्नानंतर गोधड्या उन्हात पडतात आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे अंगणात पाय टाकला की फरशी चावते. संक्रांत झाली की पाहुणा निघायच्या तयारीला लागतो.

परवा सकाळी गच्चीवर उन्हाला बसलो होतो. आई तुरीच्या शेंगा सोलत होती, दुपारी सोले-वांगे करायचे म्हणून. भाची अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, सुटीत आली आहे. ती गोधडी अंगावर घेऊनच वर आली. हातात मोबाईल.

‘मामा, थंडीची गाणी आयकता का? ॲनिमेची हायेत.’

ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, एवढं माझं ज्ञान. ती कपाळावर हात मारते, कारण तिच्या लेखी ते कार्टून नव्हे. तिनं पहिलं गाणं लावलं ते मासायोशी यामाझाकी नावाच्या गायकाचं. गाणं 1997 चं. पुढं 2007 साली माकोतो शिनकाईनं ‘फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड’ या आपल्या चित्रपटाच्या शेवटाला ते वापरलं. गाणारा माणूस हरवलेल्या कुणाला तरी गावभर शोधतो आहे, समोरच्या फलाटावर, गल्लीतल्या खिडकीत. चित्रपटाच्या पहिल्या भागात एक शाळकरी पोरगा मैत्रिणीला भेटायला गाडीनं निघतो, आणि बर्फानं गाडी तासन्‌तास रस्त्यात उभी राहते. तिच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी वाऱ्यानं उडून जाते. ती मात्र स्टेशनात थांबलेली असते, रात्रीपर्यंत, शेगडीशेजारी. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला बडनेऱ्याचा फलाट आठवला. डिसेंबरात रात्री तिथं लेट गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला जपानी यावं लागत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, एवढाच फरक. गाड्यांना बर्फावाचूनही उशीर करता येतो.

आईनं शेंग सोलता सोलता विचारलं, ‘कोण व हा? इतला रडून काहून राह्यला?’

‘आजी, जपानचा हाय तो.’

‘हां, जपान,’ आई म्हणाली, मूर्तिजापूर म्हणावं इतक्या सहज. ‘महाराज गेले होते ना तिथं.’

भाचीला काही कळेना. आईचं माहेर मोझरीच्या बाजूचं. तिथं नुसतं ‘महाराज’ म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. 1955 साली ते विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी जपानला गेले होते. आई तेव्हा सातआठ वर्षांची असेल. जपान कुठं आहे हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण महाराज तिथं जाऊन आले म्हणजे ते गाव आपल्या ओळखीचं. खंजिरी त्यांनी सोबत नेली असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. थंडीचं गाणं म्हणाल तर आईचं ते एकच: अंधार असताना उठायचं, अंगावर धुस्सा, महाराजांच्या गुरुकुंज आश्रमाच्या वळणाचं सकाळचं ध्यान, मग खंजिरीवर भजन. त्या भजनांत थंडीबद्दल काही असायचं का, असं मी विचारलं. ‘थंडी गाण्यात काहून पाहिजे? ते तर अंगातच राहे.’

यावर भाचीपाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी तर नव्हतंच. तिनं दुसरं गाणं लावलं, ‘स्नो हॅलेशन’. ‘लव्ह लाइव्ह’ नावाच्या मालिकेतल्या नऊ मुलींचं. 2010 चं हे गाणं नावापासूनच बर्फाचं आहे. हे जरा उड्या मारणारं होतं, आईनं मान डोलावली. पण त्या आनंदी चालीतही काहीतरी घाईघाईनं सांगून टाकायची धडपड ऐकू येते. म्हटलं, हिवाळा आला की ही पोरं इतकी हळवी का होतात? तर भाचीनं सांगितलं ते मला एकदम पटलं. जपानात शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. निरोपसमारंभ मार्चात. म्हणजे हिवाळा हा सोबत असण्याचा शेवटचा काळ. मनातलं बोलायचं तर आत्ताच, नाहीतर चेरी फुलेपर्यंत माणसं पांगलेली असतात. म्हणून त्यांच्या हिवाळ्याच्या गाण्यांत मफलर असतो, स्टेशन असतं आणि न बोललेलं एक वाक्य असतं.

आमच्याकडे सगळं उलटं. आमच्या पोरांची पांगापांग उन्हात होते, निकाल लागले की. हिवाळा हा जमायचा. शाळेतलं स्नेहसंमेलन, चिखलदऱ्याची सहल, लग्नं, शेतातला हुरडा, रोडग्यांचे जेवण. कापूस घरात येतो तोही याच दिवसांत. दव वाळल्याशिवाय वेचणीला हात लावायचा नाही, ओला कापूस भावात मार खातो. म्हणून बाया उन्हं वर येईपर्यंत धुऱ्यावर शेकोटी करून बसत आणि तेवढ्यात एखादी गाणं धरी. पांढरंशुभ्र शेत पाहायचं तर वऱ्हाडातही मिळतं. फक्त ते वितळत नाही, गाठोड्यात बांधून जिनिंगला जातं. त्याचा भाव ऐकून रडावंसं वाटतं ते वेगळं.

‘तुमचं कोणतं हाय, मामा, थंडीचं गाणं?’

मी विचार करायच्या आधीच तोंडातून निघालं, ‘मोगलीचं.’

1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. एवढी सगळी आपली माणसं, त्यामुळे ती मालिकाही आपलीच असं मी धरून चाललो होतो. जंगलही शेजारचंच: किपलिंगनं ज्या सिवनीच्या डोंगरांत गोष्ट बसवली ते सातपुड्याचे, आणि आमचं मेळघाटही सातपुड्यातच. मालिका मुळात जपानी, निप्पॉन ॲनिमेशननं 1989 मध्ये केलेली, हे मला चाळिशीत कळलं. म्हणजे भाचीच्या आधी तीस वर्षं मी ॲनिमे पाहत होतो, वऱ्हाडात, शेजाऱ्यांच्या घरी, दाराशी चपलांचा ढीग पडलेला असताना. मालिका 52 भागांची. दर रविवारी एक म्हटलं तर वर्षभराची, त्यात उन्हाळा आला असणार, पावसाळाही. पण आठवणीत एकच ऋतू उरला आहे. तोंडातून वाफ निघते आहे, हातात गरम चहात बुडवलेलं टोस्ट आहे, आईनं विणलेला स्वेटर मानेला टोचतो आहे, आणि गाणं सुरू होतंय म्हणून मी अंघोळीचं तापलेलं पाणी तसंच सोडून पळालोय.

भाचीनं ते शोधून लावलं. मन लावून पाहिलं आणि निकाल दिला, ‘हे थंडीचं नाही मामा. यात बर्फ नाही, मफलर नाही. हे तर पक्कं उन्हाळ्याचं हाय.’

मी वाद घालणार होतो. तेवढ्यात आईनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ त्या लंगोटातल्या पोराकडे पाहत राहिली.

‘थंडीचंच होय,’ ती म्हणाली. ‘त्या पोराले सेटर घाला व कोणी.’